नवतप्यात काळी पडलेली काच

नवतपा लागला की मी घरातल्या प्रत्येक वस्तूकडे जरा जास्तच संशयानं पाहतो. एरवी पाहत नाही असं नाही. स्वभावाला औषध नसतं म्हणतात, आणि माझा स्वभाव तर सरकारनं पगार देऊन पोसलेला. पण रोहिणीत सूर्य शिरला, की त्या नऊ दिवसांत गोष्टच वेगळी होते. सकाळी आठला नळाला चहाचं आधण यावं तसं पाणी येतं. डांबर मऊ होतं आणि चप्पल सोडायला तयार होत नाही. कूलरच्या जाळीत नवी खस भरली, तिचा ओला, मातकट गोड वास घरभर फिरला, की सगळे डोळे मिटून 'आहाहा' करतात. मी उठतो, मूठभर खस उपसतो आणि हुंगून पाहतो. खसच आहे ना ही? का गवतावर अत्तर शिंपडून दिलं कोणी?

"आबा, तुम्ही कूलरचीपण झडती घेता का हो?" माझी नात विचारते. तिचा बाप मिहानमधल्या एका कंपनीत, थंडगार काचेच्या इमारतीत बसतो, तिला काय कळणार खस म्हणजे काय ते. घेतो म्हटलं झडती. लोक माणसांवर विश्वास टाकून फसतात, मी निदान गवतापासून सुरुवात करतो.

तर यंदाचीच गोष्ट. गच्चीवर कुरडया वाळत होत्या. नात त्यांचे फोटो काढत होती आणि मध्येच फोन कठड्यावर ठेवून पाणी प्यायला खाली गेली. परत येऊन पाहते तर फोनची काच काळी ठिक्कर. पोरीनं गळाच काढला. मी लगेच विचारायला तोंड उघडलं, की कुठल्या दुकानातून घेतला, पावती आहे का, पेटी सीलबंद होती का. तेवढ्यात मागून आवाज आला, "सावलीत ठेव वं त्याले. घडीभरानं येते परत."

ही विमल, माझी धाकटी बहीण. सत्तरीला टेकली आता. पोरं तिला आत्या म्हणतात, नातवंडंही आत्याच म्हणतात. तिचं लग्न झालं नाही, ती माझ्याच घरी राहिली. एवढं बोलून ती पुन्हा कुरडया उलटायला लागली. फोन घडीभरानं आला परत. नात नाचत खाली गेली. मला मात्र जिना उतरवेना. कारण हेच वाक्य, याच गच्चीवर, याच तोंडून मी चाळीस वर्षांपूर्वी ऐकलं होतं आणि मानलं नव्हतं. त्यानंतर तिला मी काय सांगितलं होतं, तेही मला आठवलं. 

तो ऐंशीच्या दशकातला उन्हाळा. साल नेमकं सांगत नाही, कारण आठवणीवर माझा भरवसा नाही. आठवण म्हणजे गोड बोलणारा दुकानदार. पुडी बांधून देतो तेव्हा भरलेली वाटते, घरी येऊन सोडली की अर्धी. पण उन्हाची आठवण खोटी नसावी. लकडगंजात आमच्या याच घराला, तेव्हा दोनच खोल्यांच्या, तिन्ही बाजूंनी आरागिरण्या होत्या, आणि दुपारी चिरलेल्या सागाचा तो तिखट, तेलकट वास उन्हानं इतका चढायचा की डोकं गरगरे. वडील वारलेले. घरात माय, विमल आणि मी. मी वजनमाप निरीक्षक होतो. माझं काम एवढंच, की दुकानात शिरायचं आणि समोरचा माणूस खोटा आहे असं धरून चालायचं.

हसू नका. ते काम तसंच करावं लागतं. तराजूच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवलेला मी पाहिलाय. आतून पोखरून मेण भरलेलं वजन पाहिलंय. लाकडाच्या टालावर एकदा फीत हातात घेतली, तर तिची सुरुवातच दोन इंचांपासून होत होती. पहिले दोन इंच कापून टाकलेले. आणि तो टालवाला, बाप्पा, काय गोड माणूस! "या साहेब, बसा साहेब, पन्हं घ्या साहेब." तेव्हापासून मी एक ठरवून टाकलं होतं. जो माणूस उगाच गोड, त्याची फीत आधी तपासावी.

हा नियम दुकानात ठेवला असता तर ठीक होतं. मी तो घरी आणला. चार वर्षं विमलसाठी स्थळं पाहत होतो, आणि माझ्या लेखी तीही तपासणीच. पहिला मुलगा आला, त्याचं मनगटी घड्याळ सात मिनिटं मागं. ज्याला स्वतःची वेळ ठाऊक नाही तो संसार काय करणार? दुसरा फार हसला. तिसऱ्याच्या वेळी घाईत माय पोह्यांत मीठ घालायला विसरली, आणि त्या गृहस्थानं बशी चाटूनपुसून म्हटलं, "वा! पोहे एक नंबर!" गेला. पहिल्याच दिवशी जो मिठावरून खोटं बोलतो, त्याचा पुढं काय भरवसा? माय कपाळावर हात मारून म्हणाली, "अरे बाप्पा, तो बिचारा लाज राखून राहिला होता माही!" मी ऐकलं नाही. विमलनं बशा उचलल्या. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, सत्तावीस संपत आलेली, आणि त्या काळी सत्तावीस म्हणजे बायका आवाज खाली आणून बोलायला लागायच्या.

चौथा मधुकर. हिंगण्याचा, घरची थोडी शेती, आणि स्वतः मस्कतला क्रेनचा मेकॅनिक. दोन महिन्यांच्या सुटीवर आला होता, पाऊस लागायच्या आत परत जाणार. पाहणी झाली. त्याच्या घरून लगेच पसंती आली. मी आठ दिवस मागून घेतले. आणि विमलनं आयुष्यात पहिल्यांदा मला येऊन स्पष्ट सांगितलं, "दादा, हा माणूस मले पसंत आहे. यावेळी मोडू नको." एवढंच म्हणाली आणि आत गेली. आता यावर एखादा भाऊ आनंदानं पेढे आणायला गेला असता. मी विचार करत बसलो, की हिनं एका भेटीत काय पाहिलं असं? गोड बोलला असेल!

आठ दिवसांच्या मुदतीच्या पहिल्याच दिवशी तो सहज म्हणून आला. डोक्याला पांढरा दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, हे सगळं आपल्यासारखंच. पण बसल्यावर त्यानं पिशवीतून एक वस्तू काढली. साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी, चपटी, कडा रुपेरी. मधोमध काच, दोन बाजूंना दोन रबरी बटणं, आणि वर गडद जांभळट रंगाची एक पट्टी.

"हा खेळ आहे दादा. याले सेल नाही लागत. उजेडावर चालते," तो म्हणाला. "तुमी साऱ्या बजाराचे वजनमापं तपासता, म्हटलं हेही तपासून पाहा. आठ दिवस ठेवा."

तो गमतीनंच म्हणाला असेल. मी गमतीनं घेतलं नाही. मला वाटलं, ठीक आहे, वस्तूवरून माणूस कळतो. हिची तपासणी म्हणजे तुझीच तपासणी. असं मी त्याला सांगितलं नाही अर्थातच. तपासणी सांगून होत नसते.

आजकाल खेळणी म्हटलं की कोणाला नवल नाही. तेव्हा आमच्या गल्लीत टीव्ही दोन घरांत. आणि इथं तळहातावर काचेत एक एवढासा माणूस उभा. डोक्याला टोपी, हातात पेटती काठी. चार मजल्यांच्या फळ्या, मध्ये शिड्या, आणि प्रत्येक फळीच्या टोकाला एक दिवा. डावं बटण दाबलं की तो चालतो, उजवं दाबलं की उडी मारतो. त्यानं शिड्या चढत, फळ्यांवरून उड्या मारत सगळे दिवे लावायचे. एक काळं पाखरू येतं आणि पंखानं दिवे विझवत जातं. पाखराची धडक बसली की माणूस तोल जाऊन खाली. तीन वेळा पडला की खेळ संपला. मौज अशी होती, की आत एक नव्हे, दोन काचा होत्या, एकामागं एक. माणूस मागच्या शिडीवर गेला की खरंच मागं गेल्यासारखा दिसे, आणि पाखरू मागून उडत उडत एकदम पुढच्या काचेत येई. मायनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मान मागं घेतली.

मी तपासणी सुरू केली. आधी वजन. मग कडांवरून नख फिरवलं, सेलचं झाकण कुठं लपवलंय का. नव्हतं. मग ती वस्तू लोखंडी पेटीत लोकरीच्या कपड्यांखाली एक दिवस कोंडून ठेवली. आत सेल दडवला असेल तर अंधारातही जीव राहील! काढली तेव्हा ती मेलेली होती. खिडकीपाशी नेली तर टिक्‌ टिक्‌ करून माणूस खालच्या फळीवर हजर. बरं. मग मी पाखरामागं लागलो. दुकानदार जसा गिऱ्हाईक पाहून माप बदलतो, तसं हे पाखरू खेळणारा जिंकायला लागला की मुद्दाम जोर करतं का? सलग वीस डाव मी नुसतं पाखरू पाहिलं. त्याचा क्रम ठरलेला होता. माय जिंको, विमल जिंको, कोणी पडो, पाखरू आपल्या वेळेला आपल्या वाटेनं. पारडं दोन्हीकडं सारखं.

खरं सांगतो, तेव्हा मला राग आला. इतकी साजरी वस्तू आणि तिच्यात एकही खोट सापडू नये? दिवसभराच्या उजेडावर जगणारा एक माणूस दिवे लावत हिंडतो, ही कल्पनाच मुळात काळजाला हात घालणारी. आणि जे काळजाला हात घालतं ते खिशालाही घालतं, असा माझा अनुभव. चांगल्या वस्तूनं माणसाचं मन जिंकावं यात वाईट काय, असं आज मी स्वतःला विचारतो. तेव्हा विचारलं नाही.

विमलला तो खेळ माझ्यापेक्षा लवकर कळला. शाळेला सुट्ट्या होत्या. दुपारी जेवणं आटोपली, की ती खिडकीच्या उजेडाच्या पट्ट्यात भिंतीला टेकून बसायची. दाराला लावलेल्या खसच्या ओल्या ताटीतून गार झुळूक यायची, बाहेर आरागिरणीची करवत कण्हत असायची. एकदा तिनं मला हाक मारली. "दादा, इकडं ये गा. हे पाह्य." तिनं जांभळ्या पट्टीवर बोटाची सावली धरली, अर्धीच. उजेड कमी झाला तसं पाखरू मंदावलं. माणूसही मंदावला, पण शिडीवर उभा राहायला त्याला सवड मिळाली. सावली काढली, की पुन्हा दोघं पळायला लागले.

"पाखराले थोडं दमू द्यायचं," ती म्हणाली, "आन मंग दिवा लावायचा."

"ही लबाडी झाली," मी म्हटलं.

"लबाडी कायची? बनवणाऱ्यानं तशी सोय ठेवली असन ना." आणि ती हसली. विमल अशी मोकळी हसलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मला ते आवडायला हवं होतं. मला वाटलं, हसवणारी ही वस्तू घरात आली कोणाच्या हातून, ते विसरू नये.

तरी सातव्या दिवसापर्यंत मी हळूहळू मऊ पडत आलो होतो, हेही कबूल करतो. होकार द्यावा असं मनात येऊ लागलं होतं. मायला तर मी तसं म्हणूनही गेलो. आणि त्याच दिवशी नवतपा लागला.

आमच्याकडे उन्हाळ्यात सगळ्या गोष्टींना ऊन दाखवायची रीत. गाद्यांना ऊन दाखवायचं, मिरच्यांना, धन्यांना, डाळींना, लोणच्याच्या बरणीला. ऊन दाखवलं की वस्तूला वर्षभर कीड लागत नाही. माय सकाळीच कुरडया घेऊन गच्चीवर गेली होती. जाता जाता विमलला म्हणाली, "तो खेळ उन्हावर चालते म्हणे ना? मंग त्याले एक दिवस पोटभर ऊन दाखव की वं. खिडकीतल्या उजेडानं त्याचं काय भागन?" विमलला ते पटलं. तिनं कुरडयांच्या शेजारी, धोतराच्या त्याच फडक्यावर, खेळ मांडून ठेवला.

दुपारी एकला मी जेवायला घरी आलो आणि सवयीनं गच्चीवर गेलो. फडक्यावर हात टेकवत नव्हता. मी खेळ उचलला. काच काळी. नुसती बंद नव्हे, डांबर ओतल्यासारखी काळी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. माणूस, फळ्या, शिड्या, दिवे, सगळं गडप. बटणं दाबली, हलवला, काही नाही.

मला काय वाटलं असेल? दुःख? छे. मला बरं वाटलं. सात दिवस शोधून न सापडलेली खोट एकदाची हाताला लागली होती. "पाहा!" मी ओरडलो. "सात दिवसांत आटोपला! हा माल, आणि हा माणूस!"

विमल धावत वर आली. "दादा, म्याच ठेवलं होतं ते उन्हात. त्याचा काई दोष नाही. सावलीत ठेव त्याले, घडीभरानं येते परत. काल बी खिडकीत असंच झालं होतं, मी माठापाशी ठेवलं, आलं परत."

"उन्हावर चालणारी वस्तू उन्हानं बिघडते का? मले शिकवते? पाण्यावर चालणारी होडी पाण्यानं बुडते का?"

"पाण्यातच बुडते ना बाबा होडी," कुरडया उलटणारी माय खाली पाहत म्हणाली, "जमिनीवर थोडीच बुडन?"

मी मायकडे दुर्लक्ष केलं. विमलला म्हटलं, "तू त्याची बाजू घेऊन राहिली. खोटं बोलून राहिली त्याच्यासाठी."

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "मी तुह्याशी कधी खोटं बोलली का गा?" मी जिन्याकडं वळलो. "थांब ना थोडा," ती म्हणाली. "अर्धा घंटा थांब फक्त."

अर्धा तास. तेवढंच मागितलं तिनं. मी थांबलो नाही. ताट तसंच टाकून दुपट्टा गुंडाळला, ती तापलेली वस्तू पिशवीत घालून स्कूटरच्या डिकीत टाकली आणि हिंगण्याचा रस्ता धरला. भर दुपारी, नवतप्यात. वारा नव्हताच तो, तोंडावर भट्टीचं दार उघडं. रस्त्यावर कुत्रं नाही. कारखान्यांकडे जाणारी एक कंपनीची बस पडदे ओढून गेली तेवढी. मी मनातल्या मनात भाषण पाठ करत होतो आणि मला ते फार चांगलं जमत होतं.

मधुकरचं घर कौलारू, समोर कडुनिंब. ओसरीत पाऊल टाकलं आणि डोळ्यांपुढं अंधार आला, इतकं आत गार. त्याच्या आईनं तांब्याभर पाणी आणलं. "उन्हातून आले जी, आधी बसा," मधुकर म्हणाला. मी बसलो नाही. खेळ पिशवीतून काढून खिडकीखालच्या स्टुलावर ठेवला, पाण्याच्या रांजणाशेजारी. आणि भाषण केलं. वस्तू खोटी निघाली. आमचा या स्थळाचा विचार नाही. यापुढं बोलणं वाढवायला नको.

तो खाली मान घालून ऐकत राहिला. त्याची आई दाराशी पदर तोंडाला लावून उभी. मी तांब्या तोंडाला लावला. आणि तेव्हा स्टुलावरून आवाज आला, टिक्‌.

काचेच्या एका कोपऱ्यातून काळेपणा ओसरत होता. आधी खालची फळी दिसली, मग शिडी. मग टोपीवाला माणूस, हातात काठी घेऊन, जसाच्या तसा. टिक्‌ टिक्‌. चालायला तयार.

आम्ही दोघांनी ते पाहिलं, आणि दुसऱ्यानं पाहिलंय हेही पाहिलं. मधुकरनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर 'बघा, कसे फसलात' असं काही नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं. तो हसत होता, थोडा घाबरत, आशेनं. त्याला वाटलं, आता मीही हसेन. "गरमीनं झालं असन दादा," तो हळूच म्हणाला. "बसा ना."

त्या क्षणी बसलो असतो तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. का बसलो नाही? चाळीस वर्षं मी या प्रश्नाची झडती घेतोय. मला वाटतं ते असं. बाजारात एक वजन खोटं निघालं, की त्या वजनानं केलेली सगळी मोजणी खोटी ठरते. हा माणूस खरा निघाला असता, तर घड्याळवालाही कदाचित खरा असता, हसणाराही, आणि अळणी पोहे चाटूनपुसून खाणारा तर शंभर टक्के खरा. विमलची चार वर्षं माझ्या अंगावर आली असती. मला ते पेलणार नव्हतं. मग मी काय केलं? नवा संशय काढला. म्हटलं, यानं जाता येता काही बटण दाबलं असेल. आणि मोठ्यानं म्हणालो, "आमचा विचार पक्का आहे."

"तो खेळ तरी घेऊन जा जी. त्यायले आवडला असन," तो म्हणाला. त्यायले म्हणजे विमलला. मी मागं वळलो नाही.

घरी आलो तर विमल उंबऱ्यात उभी. तिनं स्थळाचं विचारलंच नाही. म्हणाली, "थंडं झालं का गा ते? आलं ना परत?"

आता हो म्हणायचं म्हणजे तिला 'तू खरी होतीस' म्हणायचं. आणि मग ती पुढं विचारणार होती, मग काय ठरलं?

"नाही आलं," मी म्हटलं. आणि दम न घेता पुढं जोडलं, "आन त्या लोकायचाच विचार नाही. तिकडूनच नकार आला."

मी बाजारभर खोटी मापं पकडत हिंडलो, आणि माझ्या घरात सगळ्यात मोठं खोटं माप मीच चालवलं. ती "बरं" म्हणाली. माठातून पाणी घेतलं, मला दिलं. मग गच्चीवर जाऊन मायला कुरडया गोळा करू लागली. पुढच्या वर्षी मी एक स्थळ आणलं तेव्हा तिनं हात जोडले. "आता पुरे गा दादा. मले पाहायले आता कोनी नको." मधुकरचं त्याच जूनमध्ये लग्न झालं आणि बायकोला घेऊन तो मस्कतला गेला, असं कानावर आलं. माझं लग्न झालं, पोरं झाली, ती विमलनं वाढवली.

या सगळ्या वर्षांत मी स्वतःची समजूत घालत आलो, की ती विसरली. विसरलीच असणार. पण त्या दिवशी गच्चीवर ती नातीला म्हणाली, घडीभरानं येते परत. इतक्या खात्रीनं! मी तर तिला सांगितलं होतं, की आलं नाही म्हणून. म्हणजे माझं निदान अर्धं खोटं तिनं तेव्हाच ओळखलं होतं का? आणि अर्धं ओळखलं तर उरलेलं? चार दिवस मी तिच्याकडं चोरून पाहत होतो. तिच्या प्रत्येक बोलण्यात मला काहीतरी दिसायचं. "चहा घेणार का?" म्हणाली तरी वाटे, ही बरोब्बर ओळखून आहे. मी आयुष्यभर लोकांना ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर माझ्यावर रोखली तर कसं वाटतं, ते मला त्या चार दिवसांत कळलं. फार वाईट वाटतं हो.

काल दुपारी आम्ही दोघं पन्ह्यासाठी कैऱ्या सोलत बसलो होतो. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"दादा, एक विचारू का गा?"

"विचार ना."

"हिंगण्याच्या लोकायनं नाही काहून म्हटलं होतं?"

माझ्या हातातली कैरी तशीच राहिली. ती सोलतच होती. "त्या वक्ती मी विचारलं नाही," ती म्हणाली. "मले भ्याव वाटे. म्हटलं, तू कारण सांगशीन, आन ते खरं असन. आता म्हातारी झाली, आता सांग. काही बी असो."

तिला काहीच ठाऊक नव्हतं. काचेबद्दल तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास होता, तेवढाच. बाकी सगळा माझ्यावर. चार दिवस मी तिच्या डोळ्यांत जो संशय शोधत होतो, तो तिथं कधी नव्हताच.

"त्यायनं नाही म्हटलं नव्हतं वं," मी म्हणालो. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. "मी म्हटलं होतं. ते हो म्हणून राहिले होते. शेवटपर्यंत हो म्हणून राहिले होते. मी खोटं बोललो तुह्याशी."

मला वाटलं, ती ओरडेल. ओरडायला हवं होतं तिनं, हातातली सुरी फेकायला हवी होती. तिनं सुरी खाली ठेवली आणि पदराला हात पुसले.

"म्हणजे त्यायले मी पसंत होती?"

"होती."

"माह्या दिसण्यावरून, वयावरून, कशावरून बी काई म्हटलं नव्हतं?"

"काहीच नाही."

तिचे डोळे भरून आले. पण चेहऱ्यावर राग नव्हता. ओझं उतरल्यावर माणूस बसतं तशी ती भिंतीला टेकून बसली.

"चाळीस वर्सं मी शोधून राहिली होती गा दादा," ती म्हणाली, "माह्यात खोट कुठी आहे ते."